सूट

ग्लेनिस ऑम्बलर लगेच काही विकत घेत नाही.
बूट टोपलीत टाकते,
पडद्याकडे पाठ करते आणि किटली लावते.
"आता त्यांनी मागं यायचं," म्हणते.
मंगळवारी टाकलेले बूट.
गुरुवारी पत्र येतं : काही विसरलात का?
ती काही विसरलेली नसते.
शुक्रवारी दहा टक्के, शनिवारी पंधरा.
"रविवारपर्यंत ताणायचं नाही रे,
रविवारी बूटच निघून जातात."

मी तिचा शेजारी.
हल शहरात, हेसल रोडच्या मागच्या गल्लीत,
आमच्या दोघांत एक वीट रुंदीची भिंत.
रात्री पलीकडून तिची टकटक ऐकू येते,
घरात एखादी सुतारपक्षीण असावी तशी.

मी पूर्ण किंमत मोजणारा माणूस.
पैसे भरायच्या आधी ती एक रिकामी चौकट येते ना,
कूपन असल्यास इथे लिहा,
तिच्यावरून मी खाली मान घालून जातो,
लग्नाच्या पंगतीत ओळखीचं कुणी नसल्यासारखा.
ग्लेनिस तिथेच बस्तान मांडते.
गेल्या नाताळातला शब्द टाकून बघते. नाही.
ईस्टरचा. नाही.
दुकानाचंच नाव, पुढे वीस.
उघडलं!
"आळशी असतात," म्हणते, "आपल्यासारखीच माणसं ती."

तिचा पाय लहान.
मुलांच्या बुटांवर सरकार कर घेत नाही,
हे तिला चाळिसाव्या वर्षी कळलं,
तेव्हापासून ती मोठी झालेली नाही.
परवाच्या जोडाला टाचेत लाल दिवे आहेत,
पाऊल टेकलं की लागतात.
"लागू देत. सायकलवाल्यांना दिसेन."

आणि कोट.
विकणाऱ्याने घाईत एक अक्षर गाळलं होतं,
म्हणून शोधणाऱ्या कुणालाच तो सापडत नव्हता.
ग्लेनिस मुद्दाम चुकीचं लिहून शोधते.
ज्यांचं शुद्धलेखन पक्कं, त्यांना जग महाग पडतं.
अकरा पौंडांना अस्सल लोकर, एक बटण कमी.
बटणांचा डबा तिच्याकडे आहेच, आईचा.
आई गोदीवाल्या बोटींसाठी जाळी विणायची,
घरातच, दाराच्या कडीला दोर अडकवून.
भोक किती ठेवायचं तेच खरं कसब, म्हणायची,
दोर काय, कुणीही ओढतं.

जानेवारीत माझा हीटर गेला.
ती आली, माझ्या खुर्चीत बसली,
माझ्या खात्यात शिरली, आणि थांबली.
"हे काय? दर महिन्याला?
मांजराचं खाणं, चोवीस डबे?"
म्हटलं, दरमहा घेतलं की पाच टक्के सुटतात.
आयुष्यात मी मिळवलेली एवढीच सूट.
तिने जिन्याखाली पाहिलं.
डबे छतापर्यंत गेले होते.
पिपिन जाऊन दोन वर्षं झाली होती.
शेवटी शेवटी ते फक्त सॅमन खायचं,
तेही कुस्करून, हातावर घेऊन दिलं तर.

'रद्द करा' अशा बटणावर बाण नेऊन
ग्लेनिस बराच वेळ बसली.
मग बाण हळूच बाजूला सरकवला.
काही बोलली नाही.
तिच्या तोंडून न निघालेली ती एकच सूट
मला तेवढी हिशोबात धरता येत नाही.

हीटर तिसऱ्या दिवशी आला.
खोक्याला कोपऱ्यात पोचा होता.
तिने चार बाजूंनी फोटो काढले,
दुकानाला लिहिलं, तीन पौंड परत मिळवले,
आणि बारा डबे पिशवीत घालून निघाली,
कुणासाठी ते मी विचारलं नाही.
साडेचारलाच अंधारलेलं.
गल्लीच्या टोकापर्यंत
एक लाल, एक लाल,
मधे जरा थांबून, पुन्हा एक.